व्यायामाचीही मात्रा असते

(गव्हाण, ता. पनवेल येथे देणगीदार व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या गावात व्यायामावर बोलताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. भातलावणी, मिठागरावरील काम आणि खाडीतील मासेमारी यांवर ज्यांचे देह घडले, त्यांना व्यायाम शिकवावा लागत नसे. 1970 नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले, 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर कार्यान्वित झाले आणि श्रमांचे ते चक्र घरोघरी मंदावत गेले. जेवण मात्र बहुधा कष्टकऱ्याचेच राहिले. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी घेऊन येणाऱ्यांच्या बोलण्यातून हा इतिहास आम्ही ऐकत असतो.

अशा रुग्णास "रोज चालत जा" एवढे सांगणे आम्हीही पुष्कळ वर्षे पुरेसे मानले. ती आमची चूक होती. एका आजीबाईंनी हा सल्ला निष्ठेने पाळला. मधुमेहामुळे त्यांच्या तळपायांना बधिरता आली होती. चपलेने आलेला फोड त्यांना कळलाच नाही. जखम भरण्यास कित्येक महिने लागले. त्यांनी आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही, हेच आम्हांला अधिक लागले. आता आम्ही आधी पाय आणि पादत्राणे पाहतो, मगच चालण्याचा विषय काढतो.

एका रुग्णास एक प्रशिक्षक, ही चैन नव्हे. हृदयाचे ठोके मंदावणारी काही औषधे घेणाऱ्याची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. त्यास नाडीचा तक्ता फसवतो. त्याला आम्ही सांगतो, चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. छातीत दुखल्यास तत्काळ थांबा. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते, म्हणून आधी तपासणी आणि खिशात साखरेची पुडी. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडलेल्याने श्वास रोखून वजन उचलू नये. गुडघे झिजलेल्यास खुर्चीत बसून पाय सरळ करण्यापासून आरंभ. या चौघांना एका रांगेत उभे करून एकच शिट्टी वाजवली, तर ती कोणाच्या उपयोगाची?

रुग्णाची प्रकृती पाहून व्यायाम ठरवण्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. घाटमाथ्यावर, लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेतील उपकरणांनी तपासले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम सुचवले, ते जुन्या आजारांच्या रुग्णांसाठीही. आमच्याकडे येणारे अनेकजण दहा मिनिटांतच थकतात. दहाच मिनिटे असोत. पुढची वाढ त्यांच्या देहाने ठरवावी.

एका तासात एकच रुग्ण का, असा प्रश्न विश्वस्तांनी विचारला आणि तो रास्त आहे. पहिले काही आठवडे स्वतंत्र शिक्षण द्यावे, हात बसल्यावर लहान गटात सामील करावे, असा मार्ग आम्ही सुचवतो. त्यासाठी आणखी एका प्रशिक्षकाचे मानधन आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या एवढी निकड आहे.

त्या आजीबाई आता मंगळवारी येतात, खुर्चीत बसून पाय उचलतात. सोबत सून असते. तिलाही रक्तदाब आहे; तिची तपासणी आम्ही पुढील मंगळवारी ठेवली आहे.