दिवाळीपर्यंत काय येतं?

पहिलीत गेलेल्या मुलाची दिवाळीच्या सुट्टीत एक परीक्षा होते. ती शाळा घेत नाही, पाहुणे घेतात. फराळाची बशी हातात घेऊन कुणीतरी विचारतं, "काय रे, काय काय येतं तुला? वाचून दाखव बघू." त्या दिवशीचा पेपर पुढे केला जातो. मूल मथळ्याकडे बघतं, त्यातला एखादा 'म' नाहीतर 'न' ओळखतं आणि गप्प बसतं. आईवडिलांचे चेहरे उतरतात. मग रात्री घरात बोलणं सुरू होतं. चार-साडेचार महिने झाले, अजून वाचता येत नाही, पुढच्या वर्षी शाळा बदलायची का?

श्रोतेहो, हे बोलणं मला साधं वाटत नाही. कितीतरी मराठी शाळांचा पट अशाच बोलण्यांतून एकेका मुलाने कमी झाला आहे. म्हणून आज एवढंच पाहू, की पहिलीच्या पहिल्या सत्रात मूल नेमकं काय शिकतं. हे सत्र जूनच्या मध्याला सुरू होतं. विदर्भात उन्हामुळे शाळा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दिवाळी आली की ते संपतं.

मी शिक्षक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण कवितावाचनासाठी शाळांचं बोलावणं येतं. मोठ्या वर्गांसमोरचा कार्यक्रम आटोपला की मी परवानगी घेऊन पहिलीच्या वर्गात मागे जाऊन बसतो. अक्षरांशी झटापट हा त्या मुलांचा आणि माझा सारखाच उद्योग आहे.

आधी वेळेचा हिशेब करू. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं व्हावं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे एका सत्राच्या वाट्याला सुमारे १०० दिवस आणि ४०० तास येतात. याच कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. खेड्यातल्या छोट्या शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन. बाई दुसरीला वजाबाकी सांगत असतात तेव्हा पहिली पाटीवर गिरवत बसलेली असते. म्हणजे ४०० तासांतले बाईंचे स्वतःचे असे निम्मेच तास तिच्या वाट्याला येतात. जनगणना आणि निवडणुकीची कामं तर कायद्यानेच शिक्षकांकडे दिलेली आहेत. दिवाळीत मुलाची परीक्षा घेण्याआधी हा हिशेब डोळ्यांपुढे असावा.

आता या तासांत काय होतं ते पाहू. पहिले काही आठवडे हात तयार होतो. बोटांत पेन्सिल धरायची, ती ना फार दाबायची ना फार सैल सोडायची, रेघ डावीकडून उजवीकडे न्यायची आणि ओळ संपली की खाली यायचं. आपल्याला यात शिकण्यासारखं काही दिसत नाही, कारण आपण ते कधीच विसरून गेलो आहोत. मुसलमान घरातली बरीच मुलं सकाळी मशिदीत अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचतात आणि अकरा वाजता शाळेत मराठी अक्षरं डावीकडून उजवीकडे. मीही तसंच शिकलो. सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही दिशा पेलतात. मात्र कुठली दिशा कुठली, हे कुणीतरी न रागावता दाखवावं लागतं.

मग अक्षरं येतात. अनेक शाळांत सुरुवात 'क, ख, ग' अशी न होता 'ग, म, भ, न' अशी होते. त्यामागे विचार आहे. या चारही अक्षरांना उजवीकडे उभी काठी आहे, वळणं एकमेकांच्या जवळची आहेत. एक हाताला बसलं की दुसरं सोपं जातं. यात मला दुसरीच एक गंमत दिसते. एवढ्या चार अक्षरांत मूल 'मन' लिहू शकतं, 'नभ' लिहू शकतं, 'गगन' आणि 'नमन'ही लिहू शकतं. काना नाही, मात्रा नाही, आणि चार अक्षरांत मन आणि आभाळ हाताशी! एवढ्या भांडवलावर मी कवितेची एक ओळ जुळवून बघावी म्हटलं तर घाम फुटेल.

पण 'गगन' लिहिणं आणि 'गगन' वाचणं यांत अंतर आहे. तीन अक्षरं सुटी ओळखून 'ग... ग... न' म्हणणारं मूल एका क्षणी ती जोडतं आणि त्याच्या लक्षात येतं की हा तर आपल्याला ठाऊक असलेला शब्द आहे. वाचन इथे सुरू होतं. म्हणजे शब्द आधी कानाला ठाऊक हवा. तो ठाऊक नसेल तर अक्षरं कितीही घोटली तरी हा क्षण येत नाही. म्हणून पहिल्या सत्रात गोष्टी, गाणी आणि गप्पा यांना जो वेळ जातो तो वाया गेलेला नसतो. वाचनाची जमीन त्यातूनच तयार होते.

आणि मुद्दा इथेच अवघड होतो. मूल शाळेत येतं ते कोऱ्या पाटीसारखं येत नाही. सहा वर्षं बोललेली एक भाषा घेऊन येतं. 'शाळा' हाच शब्द घ्या. वऱ्हाडातलं मूल 'शाया' म्हणतं. आगरी-कोळी घरातलं मूल 'शाला' म्हणतं. माझ्यासारख्या दखनी बोलणाऱ्या घरातलं मूलही 'शाला'च म्हणतं, कारण आमच्या बोलीत 'ळ' नाही. 'चमचा'तला 'च' आणि 'चहा'तला 'च' पाटीवर एकच असतो, तोंडात मात्र दोन असतात. तेही आम्हाला शाळेतच कळतं. पाण्याला 'पानी' म्हणणारी मुलं तर महाराष्ट्रभर आहेत. पहिल्या आठवड्यात या मुलाला कुणी हसलं, किंवा प्रत्येक शब्दाला 'असं नाही, असं' म्हणून अडवलं, तर ते सोपा उपाय शोधतं. बोलणंच बंद करतं. आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं हे फार कठीण काम आहे.

माझं पहिलीचं वर्ष सोलापुरात, गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या शाळेत गेलं. वर्गात मराठी घरातली मुलं होती, पद्मशाली विणकरांची तेलुगू बोलणारी होती, कानडी होती आणि आम्ही दखनीवाले होतो. बाईंनी फळ्यावर मांजर काढलं आणि "हे काय?" म्हणून विचारलं. मी म्हणालो, "बिल्ली." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणखी कुणाच्या घरी काय म्हणतात?" तेलुगू मुलगा म्हणाला, "पिल्ली." कानडी मुलगी म्हणाली, "बेक्कु." तेव्हा बाई म्हणाल्या, "बघा, एकाच मांजराला किती घरं! आता वर्गात आपण सगळे मिळून मांजर म्हणू." त्या दिवशी मी एक मराठी शब्द शिकलो. वर्गमित्रांचे दोन शब्दही शिकलो. आणि माझ्या घरचा शब्द माझ्याकडेच राहिला. पुढे मी मराठीत लिहू लागलो त्याची मुळं शोधायला मला फार लांब जावं लागत नाही.

हा काही माझ्या एकट्याचा अनुभव नाही. तारাबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा मार्ग होता. फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या बाईंनी आधी तिथल्या बोलीचा अभ्यास केला आणि मग मुलांच्या शिक्षणाचं काम उभारलं. आधी मूल काय बोलतं ते ऐकायचं, मग त्याला शिकवायचं, असा हा क्रम आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर मोठा वाद झाला. २९ जूनला सरकारने त्याबाबतचे शासननिर्णय मागे घेतले. पहिलीच्या मुलाला किती भाषा शिकवायच्या, यावर त्या दिवसांत भरपूर बोललं गेलं. ते मूल कोणती भाषा घेऊन आलंय, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. आणि तो शासननिर्णयाने सुटणारा नाही, वर्गातच सुटणारा आहे.

अंकांची कथाही ऐकण्यासारखी आहे. एक ते नऊ, शून्य आणि दहा इथवर गाडी बरी चालते. पुढे मराठी अंकनावं मुलाची फिरकी घेतात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहायचे. म्हणून मूल २५ ऐवजी ५२ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतात आणि तीस कुठेच नसतात! २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने जुन्या नावांबरोबर 'वीस पाच' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली होती. त्या २०२३ साली गेल्या. 'पंचवीस' हा शब्द मलाही जपावासा वाटतो. पण ५२ लिहिणारं मूल ढ नसतं, ते कानाशी प्रामाणिक असतं, एवढं तरी त्या वादातून आपण घ्यायला हवं.

आता पाहुण्यांच्या परीक्षेत कधीच न येणारा अभ्यास. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. लघवीला जायचं तर विचारून जायचं. दुसऱ्याचं खोडरबर परत द्यायचं. घरी लाडाच्या नावाने हाक ऐकलेल्या मुलाला आपल्या पूर्ण नावाला ओ द्यायला शिकावं लागतं. दुपारी सगळ्यांनी एका पंगतीत बसून शाळेची खिचडी खायची. सरकारी निकषाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. हे झालं पोटाचं. पण शेजारी कोण बसलं आहे हे न विचारता जेवायला बसणं हासुद्धा एक धडा आहे, आणि तो मोठ्यांनाही अजून पुरता पाठ झालेला नाही.

जाता जाता सांगतो, 'हजर', 'दप्तर', 'कागद', 'शाई' हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले आहेत. म्हणजे मराठी शाळेत मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा माझे काही नातलग तिथे आधीच येऊन बसले होते!

मग वाचता कधी यायला हवं? केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी पूर्ण करेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे त्याचं उद्दिष्ट आहे. म्हणजे ज्यांनी विचार करून मुदत ठरवली त्यांनी तिसरीचा शेवट धरला आहे, आणि आपण पहिलीच्या दिवाळीत निकाल लावून मोकळे होतो.

याचा अर्थ शाळेला काहीच विचारू नये असा नाही. विचाराच, पण कामाचं विचारा. माझं मूल वर्गात बोलतं का? त्याने कधी प्रश्न विचारला का? बाईंनी गोष्ट सांगितली तर ती त्याला पुन्हा सांगता येते का? सकाळी ते खुशीने निघतं का, हे तर तुम्हालाच ठाऊक असतं. ही उत्तरं 'हो' असतील तर अक्षरं येणारच. दिवाळीपर्यंत मूल वर्गात मुकंच असेल, तर मात्र बाईंशी बसून बोलायला हवं. त्याला फळ्यावरचं दिसतं का, नीट ऐकू येतं का, हेही तपासून घ्यायला हवं. आणि गावातल्या शाळेत चार वर्गांना दोनच शिक्षक असतील, तर मूल काढून घेण्याआधी सगळ्या पालकांनी मिळून शिक्षक मागायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात ते कशासाठी?

घरी करण्यासारखं फार थोडं आहे आणि ते फुकट आहे. त्याला दहा वेळा 'ग' गिरवायला लावू नका. पणत्या मोजायला द्या. एसटीच्या पाटीवर ओळखीचं अक्षर शोधू द्या. आजी, नानी जी कोणी घरात असेल तिला तिच्या बोलीत गोष्ट सांगू द्या. ती प्रमाण मराठी नसली तरी वाचनाच्या कामाला येते. आणि वर्गात काय झालं ते त्याने सांगायला घेतलं की त्याचं वाक्य अर्ध्यावर सुधारू नका.

सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू होईल. ऱ्हस्व वेलांटी अजून नीट बसायची असेल. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. असं का, हे मूल बाईंना विचारेल. विचारायला हवंच. तेवढा धीर त्याच्यात शिल्लक असेल, तर त्याचं पहिलं सत्र वाया गेलं नाही असं खुशाल समजा.