गटाचा धंदा आणि पहिलं वर्ष



बचत सुरळीत झाली की गटाच्या बैठकीत विषय निघतो, आता मिळून धंदा करू. पापड करू, चटणी-मसाले करू. विचार चांगला आहे. पण असा धंदा बुडाला तर पैसे जातातच, शिवाय गट फुटतो. मग मुलाच्या फीसाठी, दवाखान्यासाठी मिळणारं अंतर्गत कर्जही बंद होतं. म्हणून पहिलं वर्ष सांभाळायचं.

लिज्जत पापड आपण सगळ्यांनी खाल्लाय. १९५९ च्या मार्चमध्ये मुंबईत, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. पुढे पावसाळा आला. पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह लावायचा. काम चालू राहिलं. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं. छगनलाल पारेख यांनी त्यांना सांगितलं, की माल एकाच दर्जाचा ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आता आपलं बघू. आपल्या धंद्याचा पावसाळा कोणता? सुगीत सगळ्या शेतावर असतात, तेव्हा माल कोण करणार? मसाल्याला उन्हाळ्यात गिऱ्हाईक असतं, बाकीचे महिने काय विकणार? हे आधी ठरवा.

दुसरं, भाव. समजा किलोभर पापडाला डाळ, तेल, मसाला, पाकीट, गाडीभाडं धरून १८० रुपये लागले आणि तो २२० ला विकला. आपण म्हणतो, ४० रुपये सुटले. पण लाटणाऱ्या हातांची मजुरी कुठं धरली? ती धरल्यावर काही उरत नसेल, तर भाव चुकलाय.

तिसरं, उधारी. दुकानदार माल खपल्यावर पैसे देतो, बँकेचा हप्ता मात्र तारखेलाच भरावा लागतो. म्हणून कर्जाची सगळी रक्कम मशीनमध्ये घालू नका. दोन-तीन महिन्यांच्या कच्च्या मालाचे पैसे बाजूला ठेवा.

आणि धंद्याची वही बचतीच्या वहीपासून वेगळी ठेवा. तोटा झाला तर तो कोणी, किती सोसायचा, हे काम सुरू करण्याआधीच इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. नफा वाटताना भांडण मिटतं. तोट्याचं भांडण मात्र घराघरात जातं.

पुढच्या बैठकीत एवढा एक ठराव जरूर घ्या.