मुलाचा हात पोचतो तिथे

दुकानात मांडलेल्या मालामुळे लहान मुलांना मुख्यतः तीन तऱ्हांनी इजा होते: जड वस्तू अंगावर पडते, फुटलेली काच लागते किंवा बारीक वस्तू पोटात जाते. तिन्हींचे मूळ एकच. माल मोठ्यांच्या नजरेच्या हिशेबाने लावलेला असतो; मुलाचा हात कुठवर पोचेल, हे पाहिलेले नसते. तीन वर्षांचे मूल सुमारे ९५ सेंटीमीटर उंच असते. हात वर केला की त्याची बोटे जवळजवळ चार फुटांवर जातात.

मुंबईत घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या बाजारांत गाळे अरुंद. दिवाळीच्या सुमारास कपबश्या, बरण्या, दिवे पायरीपर्यंत येतात. फुटणारा माल वरच्या फळीवर, कुकर-मिक्सरसारखा जड माल तळाशी आणि मधल्या फळीवर डबे, कापड, प्लास्टिक, ही मांडणी सुरक्षित ठरते. शोकेसची काच टफन्ड असावी. साध्या काचेचे लांब, धारदार तुकडे होतात. टफन्ड काचेचे बारीक, बोथट दाणे.

अंधेरीसारख्या ठिकाणच्या फर्निचरच्या दुकानांत धोका वेगळा असतो. मूल कपाटाचे खण उघडून त्यांवर पाय देत चढते, सगळा भार पुढे येतो आणि कपाट उलटते. याच धोक्यामुळे २०१६ साली अमेरिकेत आयकियाने खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली. दुकानातले नमुन्याचे कपाट आणि उभा आरसाही भिंतीला जखडलेला हवा.

खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तरीही हाताळायला ठेवलेल्या खेळण्याचे सेलचे झाकण सैल होऊ शकते. ते रोज तपासावे. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजते. अशा वेळी मुलाला उलटी करायला लावू नये. राजावाडी, कूपर किंवा जवळचे मोठे रुग्णालय तातडीने गाठावे. काच लागली असेल, तर रुतलेला तुकडा उपटू नये, जखमेच्या कडा दाबून धराव्यात. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

‘फोडल्यास भरपाई द्यावी लागेल’ ही पाटी लावल्याने दुकानदाराची काळजी घेण्याची जबाबदारी संपत नाही. पालकांनीही मुलाचा हात सोडू नये. पण गर्दीत तो क्षणभर सुटणारच, हे धरूनच दुकान लावायचे असते.