वापरायची मोटार आणि जपायची ठेव

स्पोर्ट्‌स कार ही श्रीमंतांची चैन, एवढे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल. परंतु अशी मोटार घ्यावी, ठेवावी की विकावी, या पाश्चात्त्य मोटारप्रेमींच्या विवंचनेत बाजारव्यवस्थेचे एक मर्म दडलेले आहे.

फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' या मोटारी बांधल्या, त्या अवघ्या ३६. अमेरिकेत तिची मूळ किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती. २०१८ साली त्यांतील एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. यंत्र तेच, दुर्मिळताही तेवढीच. वाढली ती बोली लावणाऱ्यांची संपत्ती.

याची झळ साध्या हौशी माणसालाही लागते. पोर्शेने १९९८ साली '९११' मधील हवेने थंड होणारे इंजिन बंद केले. पुढे त्या जुन्या गाड्यांचे भाव चढले. आता मालकाने ती चालवावी, तर प्रत्येक मैलागणिक किंमत घटते. विकावी, तर पुन्हा घेणे परवडत नाही. उपयोगमूल्यावर विनिमयमूल्याने केलेली ही कुरघोडी होय.

याउलट माझ्दाची १९८९ साली आलेली 'एमएक्स-५' पाहा. २०१६ पर्यंत तिचे उत्पादन दहा लाखांवर गेले. ती विपुल आहे, म्हणूनच तिचा मालक ती निश्चिंतपणे चालवतो.

मोटार झाकून ठेवल्याने समाजाचे फारसे बिघडत नाही. परंतु हाच न्याय घरांना लागला, म्हणजे एकीकडे कुलूपबंद सदनिका आणि दुसरीकडे पदपथावरचे संसार उभे राहतात. विचार करावयाचा तो याचा.