क्लाउडमधील दस्तऐवज बाहेर देताना

(प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेच्या याद्या आणि कार्यालयाची टिपणे आता कपाटाबरोबरच क्लाउडमध्ये, म्हणजे दूरस्थ संगणकांवरील साठ्यातही, ठेवली जातात. कपाटाच्या किल्लीबाबत आपण जी दक्षता बाळगतो, ती येथे मात्र पुष्कळदा सुटते. ठेकेदार, लेखापरीक्षक, पालक, स्वयंसेवी संस्था अशा कार्यालयाबाहेरील व्यक्तींना फाइल कोणत्या मार्गाने द्यावी, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला, 'लिंक असलेल्या कोणालाही' फाइल खुली करण्याचा. येथे उघडणाऱ्याला आपली ओळख द्यावी लागत नाही. अशी लिंक व्हॉट्सॲपच्या एका गटातून दुसऱ्या गटात गेली, की फाइल कोणाकोणाच्या हाती पडली हे सांगता येत नाही. दुसरा मार्ग ठरावीक व्यक्तींचे ईमेल पत्ते नोंदवून फाइल देण्याचा. ही लिंक पुढे पाठविली गेली, तरी नोंद नसलेल्या माणसाला ती उघडत नाही. गूगल ड्राइव्ह व मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह या दोहोंतही ही निवड आहे.

कोणता मार्ग घ्यावा, हे दस्तऐवजाच्या स्वरूपावरून ठरवावे. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक किंवा निविदा सूचना जनतेसाठीच असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम अशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्यास सांगते. तिला खुली लिंक योग्यच. अधिकार मात्र केवळ पाहण्याचा असावा. याउलट, लाभार्थ्यांचे बँक खाते व आधार क्रमांक असलेली यादी ठरावीक व्यक्तींनाच द्यावी. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार कायद्याने निर्बंध घातला आहे. व्यक्तिगत माहिती सांभाळणाऱ्याने वाजवी सुरक्षा उपाय योजावेत, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सांगतो.

लाभार्थ्यांची नावे जाहीर करावयाची असतील, तर त्यासाठी वेगळी प्रत करावी व तीतून क्रमांकांचे रकाने काढून टाकावेत. रकाने नुसते लपवून भागत नाही. फाइलची प्रत घेणारा ते पुन्हा उघडू शकतो.

मार्ग ठरल्यावर अधिकार ठरवावा. पाहणे, अभिप्राय नोंदविणे आणि दुरुस्ती करणे, हे तीन अधिकार भिन्न आहेत. लेखापरीक्षकाला पाहण्याचा अधिकार पुरतो. दुरुस्तीचा अधिकार मिळालेली व्यक्ती, आपण तशी मनाई केलेली नसल्यास, फाइल इतरांनाही देऊ शकते. संपूर्ण फोल्डर देताना तर अधिकच सावध असावे, कारण त्यात नंतर ठेवलेली फाइलही त्या व्यक्तीला दिसू लागते.

तिसरी गोष्ट मुदतीची. काही खात्यांत प्रवेशाची अंतिम तारीख घालता येते. ती सोय नसेल, तर काम संपताच नाव काढावे आणि दर तिमाहीस यादी तपासावी. तथापि, तोवर उतरवून घेतलेली प्रत परत येत नाही. म्हणूनच खरी निवड फाइल देण्यापूर्वीच करावयाची असते.

कार्यालयीन खात्यातून बाहेर फाइल देण्यास प्रतिबंध असेल, तर ती खाजगी खात्यात नेऊन पाठवू नये. खात्याच्या व्यवस्थापकाकडे रीतसर परवानगी मागावी. खाजगी खात्यातील दप्तर बदलीबरोबर अधिकाऱ्यासोबत जाते आणि कार्यालय रिकामे राहते.

बंधुभगिनींनो, विधवा भगिनी, शेतमजूर किंवा विद्यार्थ्याचा पालक आपले क्रमांक देतो, तो शासनावरील विश्वासाने. ते भलत्याच्या हाती गेले, तर फसवणुकीची झळ त्यालाच लागते. तेव्हा प्रत्येक फाइल देण्यापूर्वी ती कोणाला, कोणत्या अधिकाराने व किती काळ द्यावयाची, हे नोंदवहीत लिहिण्याचा परिपाठ आपण सर्वांनी ठेवावा, एवढीच विनंती.