रोजची एक गोळी, ठरल्या वेळी

दुपारची भांडी आवरली असतील, नाहीतर रेडिओ बांधावर ठेवून खुरपणी चालू असेल. हात चालू द्या, कान इकडे द्या. आज आपण पाळणा लांबवायच्या एका गोळीबद्दल बोलणार आहोत. तिला प्रोजेस्टिनची गोळी म्हणतात, कोणी मिनी पिल म्हणतं.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. आमच्या गटातल्या एका सुनेला चार महिन्यांचं बाळ होतं. अंगावर पाजत होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला ही गोळी लिहून दिली. दुसऱ्या महिन्यात तिला डाग लागायला लागले. दोन दिवस लागायचे, चार दिवस बंद, परत लागायचे. त्यांच्या घरात पाळी आली की बाईनं बाजूला बसायचं, चुलीला आणि देवाला शिवायचं नाही. महिन्यातून दोनदा-तीनदा सून बाजूला बसायला लागली, तेव्हा सासूबाई वैतागल्या. "ह्या गोळीनं घराची घडीच मोडली," म्हणाल्या. सुनेनं पाकीट उकिरड्यावर टाकलं. पुढं दोन महिन्यांनी तिला दिवस गेले. मांडीवरचं बाळ अजून रांगतही नव्हतं आणि तिचं रक्त कमी होतं.

सासूबाई नंतर आमच्या बैठकीला आल्या. म्हणाल्या, "डाग लागणार हे आधी कुणी का नाही सांगितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज आधी सांगतोय.

आपल्याला ठाऊक असलेली गोळी म्हणजे माला-एन. तिच्यात दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. इस्ट्रोजेननं अंगावरचं दूध कमी होऊ शकतं. म्हणून पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने माला-एन देत नाहीत. मिनी पिलमध्ये इस्ट्रोजेन नसतं, एकटं प्रोजेस्टिन असतं. दुधावर तिचा वाईट परिणाम होत नाही. ब्लडप्रेशर वाढलेलं असलं म्हणून ज्यांना दोन हार्मोनची गोळी चालत नाही, त्यांनाही डॉक्टर बहुधा ही देऊ शकतात.

ती काम कशी करते? गर्भपिशवीच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो, तो ती घट्ट करते. मग पुरुषबीजाला आत जायला वाट मिळत नाही. शिवाय पुष्कळ वेळा स्त्रीबीज बाहेर पडणंही थांबतं. पण ह्या स्रावाचा घट्टपणा फार वेळ टिकत नाही, म्हणून गोळी रोज आणि ठरल्या वेळीच घ्यायची.

आता दोन घोटाळे समजून घ्या. पहिला पाकिटाचा. माला-एनच्या पाकिटात 21 गोळ्या हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या असतात. त्या सवयीनं काही जणी मिनी पिलच्याही शेवटच्या सात गोळ्या सोडून देतात. तसं करू नका. हिच्या 28 च्या 28 गोळ्या औषधाच्याच असतात. एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं सुरू करायचं, मध्ये खाडा नाही.

दुसरा घोटाळा नावाचा. लग्नकार्य, पूजा, यात्रा आली की आपण दुकानातून पाळी पुढं ढकलायची गोळी आणतो. ती वेगळी. ती घेतली म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं समजू नका.

सुरुवात कधी करायची? पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच लागू पडते. एरवी सुरू केली तर पहिले दोन दिवस निरोध वापरायचा. बाळंतपणानंतर कधी सुरू करायची, ते डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारा.

गोळी विसरली तर? पाकिटावरचं नाव वाचा, नाहीतर शाळेतल्या लेकीकडून वाचून घ्या. डेसोजेस्ट्रेल 75 मायक्रोग्रॅम असेल, तर 12 तासांपर्यंतचा उशीर चालतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉनची मिनी पिल असेल, तर 3 तासच. त्याहून उशीर झाला तर आठवेल तेव्हा लगेच एक गोळी घ्या, पुढची नेहमीच्या वेळेला घ्या आणि दोन दिवस निरोध वापरा. ह्या दिवसांत संबंध आलाच, तर 72 तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी आशाताईंकडे विचारा. जितकी लवकर घ्याल तितकं बरं. मिनी पिल घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली, तर परत एक घ्या.

वेळ लक्षात राहायला गोळी रोजच्या कामाला बांधा. रात्री भाकरीचा तवा उतरवला की गोळी, नाहीतर मोबाईलवर गजर लावा. ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनो, सहा महिन्यांना सात पाकिटं लागतात. टोळी निघायच्या आधी जमवून ठेवा, फडावर शोधत बसायची वेळ येऊ नये.

आता डागांचं. पहिल्या काही महिन्यांत पाळी मागंपुढं होते, मधे डाग लागतात, कुणाची पाळी बंदच होते. ह्यानं पोटात घाण साठत नाही, रक्त वर चढत नाही. गोळी बंद केली की पाळी पूर्ववत होते, आणि दिवसही लवकर राहू शकतात. कुणाला डोकं दुखतं, छाती भरल्यासारखी वाटते. त्रास वाटला तर दवाखान्यात जा आणि दुसरा उपाय ठरेपर्यंत गोळी चालू ठेवा. पण अंगावरून फार जात असेल, ओटीपोटात जोराची कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ही गोळी सगळ्यांना चालत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, लिव्हरचा मोठा आजार असेल, तर नको. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिननं आणि फिट्सच्या काही गोळ्यांनी हिचा जोर कमी होतो. म्हणून चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

अगदी नेमानं घेतली तर वर्षात 100 बायांत एकीलाही क्वचितच दिवस जातात. पण आपण सगळ्या माणसंच, विसरतो. तसं धरलं तर साधारण 7 जणींना जातात. रोजचं लक्षात राहणार नसेल तर दुसरे मार्ग आहेत. सरकारी दवाखान्यात तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी फुकट मिळते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढं एकदा घ्यायची असते, पाजणाऱ्या आईलाही चालते. मिनी पिल मात्र बहुधा दुकानात चिठ्ठीवर घ्यावी लागते. उपकेंद्रात मिळते का, तेही विचारा. आणि गुप्तरोग, एचआयव्ही ह्यांपासून कुठलीच गोळी वाचवत नाही, त्याला निरोधच.

शेवटचं सासूबाईंना आणि घरच्या पुरुषांना. गोळीनं लागलेले डाग म्हणजे विटाळ नव्हे, औषधाचा परिणाम आहे. सून बाजूला बसली म्हणून गोळी सुटली, तर त्याचा भार तिच्या अंगावर पडतो. त्या सासूबाईंनी स्वतः घरातली ती रीत आता सोडली. आता आमच्या गटात कुणी गोळी सुरू केली, की आधी त्याच जाऊन घरच्यांना सांगतात, "डाग लागतील, घाबरू नका."

ह्या आठवड्याच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ता भरून झाला, की दहा मिनिटं ह्यावर बोला. येताना सासूला, जावेला बरोबर आणा. भेटू पुढच्या आठवड्यात, ह्याच वेळेला. नमस्कार.