शेवटच्या रांगेपर्यंत शब्द

वांद्र्याचे ध्वनीशी नाते जुने आहे. १९५४ साली मेहबूब खान यांनी येथे स्टुडिओ उभारला. रंगशारदा नाट्यगृहाने रसिकांना नाटक व संगीत ऐकविले. मात्र कोणत्याही सभागृहात मागील रांगेला शब्द कळेनासा झाला, की आवाज वाढविला जातो. दोष पुष्कळदा आवाजाच्या पातळीत नसून त्याच्या वेळेत असतो.

मुंबईच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४७ मीटर जातो. ध्वनिक्षेपकात खर्जासाठी मोठा व तार स्वरांसाठी छोटा घटक असतो. १००० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. दोन्ही घटक हा स्वर देत असताना एकाचा ध्वनी १७ सेंटिमीटर मागे पडला, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येऊन स्वर क्षीण होतो. लहरीच्या आवर्तनातील या स्थितीला कला म्हणतात. कंप्रतेनुसार कला किती झपाट्याने बदलते, यावरून समूह विलंब काढतात. सर्व स्वर सारखेच उशिरा आले, तर बिघडत नाही. खर्ज बराच मागे राहिला, तर तबल्याची थाप पसरट होते.

मोजणीसाठी खर्जापासून तारापर्यंत चढत जाणारा स्वर वाजवून मायक्रोफोनने टिपतात आणि संगणकावर मूळ स्वराशी ताडतात. भिंतीवरून परतणारा ध्वनी थेट ध्वनीनंतर येतो. तो वगळून प्रथम ध्वनिक्षेपक तपासावा. मग लवकर पोहोचणाऱ्या घटकाला आवश्यक तेवढा विलंब देऊन दोघांची कला जुळवावी.

हाच न्याय सभागृहाला लागू आहे. मध्यभागी लावलेला ध्वनिक्षेपक मंचावरील ध्वनिक्षेपकापेक्षा १७ मीटर पुढे असेल, तर त्याला सुमारे ४९ मिलिसेकंद थांबवावे लागते. अन्यथा मागे शब्द दुहेरी होऊन पुसट होतो. आणखी थोडा विलंब दिल्यास आवाज मंचावरूनच येत असल्याचा भास टिकतो. कान आधी पोहोचलेल्या ध्वनीची दिशा धरतो, हे हेल्मुट हास यांच्या १९४९ च्या प्रबंधाने स्पष्ट केले.

या उपायाला मर्यादाही आहे. एका खुर्चीपाशी भिंतीचा प्रतिध्वनी यंत्राने खोडू पाहिला, तर दुसऱ्या खुर्चीपाशी नवा दोष उद्भवतो. म्हणून मोजणी अनेक जागी करावी. भिंतींचे काम मात्र जाड पडदे व ध्वनिशोषक फलकांवर सोपवावे. शेवटच्या रांगेतील रसिकानेही तिकीट काढलेले असते. शब्द त्याच्यापर्यंत मोठा नव्हे, स्पष्ट पोहोचला पाहिजे.